जुन्या सहा सिलिंडर इंजिनाला टर्बो: आधी पेट्रोल, मग हवा

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, बसवायचा म्हटलं की बहुतेकजण आधी टर्बोच विकत आणतात. माझं मत उलटं आहे, टर्बो सगळ्यात शेवटी आणा. इंजिनात जास्त हवा ढकलणं सोपं असतं. त्या हवेला पुरेल इतकं पेट्रोल देणं, ठिणगी वेळेवर पाडणं आणि टर्बोतलं ऑइल खाली परत आणणं, यात खरी मेहनत जाते.

एका ओळीतलं सहा सिलिंडरचं इंजिन मुळातच समतोल असतं आणि बऱ्याच इंजिनांत क्रँकला सात मेन बेअरिंग असतात, म्हणून या कामाला ते चांगलं. पण वय झालेलं असतं, तेव्हा पहिली पायरी तपासणीची. इंजिन गरम करा, पेट्रोल आणि इग्निशन बंद करा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा आणि कॉम्प्रेशन गेज लावा. सहाही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत हवेत. एखादा मागे असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर संशय घ्या. दुरुस्ती झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग कॉम्प्रेशन रेशो बघा, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते. निसानने १९८१ मध्ये एल-२८ इंजिनाला टर्बो दिला तेव्हा रेशो ८.३ वरून ७.४ वर आणला. टोयोटाच्या टू-जेझेड इंजिनात साध्या इंजिनाला १०, टर्बोवाल्याला ८.५. आपण पिस्टन बदलणार नसू तर हाव आवरावी लागते. रेशो ८.५ च्या आसपास असेल तर ०.४ ते ०.५ बार बूस्टवर (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबावर) थांबा, ९.५ च्या वर असेल तर त्याहून कमी, आणि पेट्रोल जास्त ऑक्टेनचंच.

आता पेट्रोल. कार्ब्युरेटर असेल तर सरळ इंजेक्शन आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बसवा. कार्ब्युरेटरवरही टर्बो चालतो, पण त्याचं ट्यूनिंग करताना जीव मेटाकुटीला येतो. २५० हॉर्सपॉवरचं लक्ष्य असेल तर मिनिटाला ३३० सीसीच्या आसपासचे सहा इंजेक्टर लागतील, सोबत तितका पुरवठा करणारा पंप. फ्युएल रेग्युलेटरची नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडा, म्हणजे बूस्ट चढेल तसा पेट्रोलचा दाबही चढेल. एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड सेन्सर लावा आणि महिनाभर गाडी अशीच, टर्बोशिवाय चालवा. जे बिघाड निघायचे ते इथे निघाले तर स्वस्तात सुटतात.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड करताना फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) लक्षात ठेवा. ती बहुतेक १-५-३-६-२-४ असते. पहिल्या तिघांचा धूर एका नळीत आणि शेवटच्या तिघांचा दुसऱ्या नळीत घेतला, तर प्रत्येक नळीत धक्के क्रँकच्या बरोबर २४० अंशांच्या अंतराने येतात. दोन वेगळ्या वाटांनी धूर घेणाऱ्या ट्विन-स्क्रोल टर्बोला याहून सोयीचं काही नाही. अडचण आहे ती लांबीची. ६० सेंटिमीटरचा स्टेनलेसचा पाइप ६०० अंशांनी तापला की जवळपास ६ मिलिमीटर वाढतो. हेड मात्र तितकं वाढत नाही. म्हणून सहा पोर्टांचा अखंड फ्लँज (हेडला बोल्टने आवळायची पट्टी) ठेवू नका. वेल्डिंग करताना तो जुन्या हेडला घट्ट आवळून ठेवा, नंतर मधून कापा आणि टोकाकडची बोल्टची भोकं थोडी लांबट करा. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर टांगू नका, वेगळा आधार द्या. इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतील तर मध्ये हीट शील्ड हवीच.

ऑइलच्या परतीच्या वाटेने मला चांगलंच शिकवलं. टर्बो बसवला आणि सायलेन्सरमधून निळा धूर. सील गेलं समजून मी टर्बो बदलला, तरी धूर तसाच. शेवटी गाडीखाली आडवा झालो, तेव्हा दिसलं की परतीची रबरी नळी मध्येच झोळीसारखी लोंबत होती. टर्बोतून ऑइल दाबाने नाही, फक्त उतारामुळे खाली येतं. म्हणून नळी १६ मिलिमीटरच्या आसपास जाड, सतत उताराची, आणि इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, म्हणजे संपला, ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. क्रँककेसच्या ब्रीदरलाही (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीला) एकदिशा व्हॉल्व्ह लावा, नाही तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये शिरेल.

इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणारा) आणि पाइप जोडून झाले की हवा भरून साबणाच्या पाण्याने गळती तपासा. प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारे, घ्या, गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. पहिल्यांदा चालू करताना इग्निशन आणि इंजेक्टर बंद ठेवून, ऑइलचा दाब येईपर्यंत नुसतं स्टार्टर मारा.

ट्यूनिंगची सुरुवात वेस्टगेटच्या (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) मऊ स्प्रिंगवर करा. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ ते १२ च्या दरम्यान हवं. बूस्टच्या दर ०.०७ बारला ठिणगीचं टायमिंग साधारण १ अंश मागे घ्या. नॉकिंगचा (मिश्रण भलत्या वेळी आपोआप पेटल्याचा) खडखडाट ऐकू आला तर तिथेच पाय काढा. पहिल्या फेरीनंतर प्लग काढून पांढऱ्या चिनी मातीवर भिंगाने बघा. मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे बारीक मणी दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. त्या दिवशी गाडी घरी हळू न्या आणि टायमिंग आणखी मागे घेतल्याशिवाय बूस्टला हात लावू नका.