सन्मान निधीचे १२ हजार धान्यशेतीच्या हिशेबात कसे धरावेत

केंद्राच्या पीएम किसान योजनेचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० मिळून पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दोन्हीकडून दोन-दोन हजारांचे तीन-तीन हप्ते येतात. केंद्राची योजना १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली आणि दोन हेक्टरची अट २०१९ मध्येच उठली. राज्याचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये पडला. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो, पीएम किसानच्या यादीवरूनच तो मिळतो. त्यामुळे केंद्राचा हप्ता अडला की बहुधा राज्याचाही अडतो.

हे पैसे कुटुंबाला मिळतात. एकराला नाही, क्विंटललाही नाही. ज्वारी पेरा, कांदा लावा नाहीतर रान पड ठेवा, रक्कम तीच. म्हणून पिकाच्या हिशेबात ते जमेला धरू नयेत. वहीत दोन पाने करा. एका पानावर बियाणे, खत, मशागत, काढणी-मळणी, घरच्या माणसांची रोजंदारी आणि विक्री. दुसऱ्या पानावर घराची आवक, आणि निधी तिथेच. दोन्ही एकत्र केले की तोट्यातली ज्वारीही फायद्यात दिसते, आणि पुढच्या वर्षी कोणते पीक घ्यायचे हा निर्णयच चुकतो.

परिणाम मोजायचा तर एकरी मोजा. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी ४ क्विंटल धरू. दोन एकरवाल्याचे धान्य ८ क्विंटल, म्हणजे १२,००० रुपये क्विंटलमागे १,५०० पडले. दहा एकरवाल्याचे ४० क्विंटल, म्हणजे क्विंटलमागे ३००. बाजारात भाव ३०० नी उतरला की त्याचा वर्षभराचा निधी साफ. लहान खातेदाराच्या घराला या पैशाचा खरा आधार होतो. मोठ्या रानाला त्याने फार फरक पडत नाही. तिथे हमीभाव, उतारा (एकरी उत्पादन) आणि पाऊसच बघावा लागतो.

आता वेळ. पीएम किसानचे हप्ते एप्रिल-जुलै, ऑगस्ट-नोव्हेंबर आणि डिसेंबर-मार्च अशा टप्प्यांत येतात, तारीख ठरलेली नसते. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. मधला हप्ता नोव्हेंबरात आला तर पेरणीला त्याचा उपयोग शून्य, आणि पैशासाठी वाफसा (पेरणीजोगी ओल) थांबत नाही. बी-खत पीककर्जातून घ्या. हप्ता आला की तो कर्जाकडे वळवा. खरिपाच्या कर्जाची मुदत साधारण ३१ मार्चला संपते, म्हणून डिसेंबर-मार्चचा हप्ता त्यासाठी राखलेला बरा. मुदत चुकली की व्याज सवलत जाते, आणि तीन लाखांपर्यंतचे जे कर्ज मुदतीत फेडल्यास बिनव्याजी पडते, त्यावर व्याज लागते.

दोन हजारांत नेमके काय बसते? मध्यम जमिनीतल्या कोरडवाहू ज्वारीला हेक्टरी ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद, म्हणजे एकरी १६ आणि ८ किलो. साडेसतरा किलो डीएपी या मिश्र खतातून ८ किलो स्फुरद आणि सुमारे ३ किलो नत्र मिळते. उरलेल्या १३ किलो नत्राला २८ किलो युरिया. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० ला आणि युरियाची ४५ किलोची २६६.५० ला धरली, तर एकरी खर्च साधारण ६४० रुपये. एका हप्त्यात तीन एकरांचे खत निघते. हे सगळे खत पेरणीबरोबरच दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळे सोडणाऱ्या पेरणी अवजाराने) बियाखाली द्यायचे. फोकून दिलेले खत वरच्या कोरड्या मातीत तसेच पडून राहते. बियाणे एकरी ४ किलो. काणी रोग येऊ नये म्हणून बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक (३०० मेश) चोळा. निधीच्या भरवशावर खताचा डोस वाढवू नका. ओल नसेल तर जादा युरियाने उतारा वाढत नाही.

धानाची गोष्ट निराळी. २०२३-२४ आणि २०२४-२५ च्या हंगामांत राज्याने नोंदणीकृत धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपयांचा बोनस, दोन हेक्टरच्या मर्यादेत जाहीर केला. ही मदत क्षेत्रावर असल्याने तिचा परिणाम थेट खंडावर (कसायला घेतलेल्या जमिनीच्या भाड्यावर) होतो: मालक म्हणतो, बोनस धरून खंड वाढव. शिवाय नोंदणीला सातबारा आणि त्यावरचा पीकपेरा (पिकाची नोंद) लागतो. त्यामुळे राबतो खंडाने करणारा आणि पैसे मालकाच्या खात्यात, असे सर्रास घडते. करार तोंडी असला तरी बोनस कोणाचा हे रोवणीआधी चार माणसांत ठरवा. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या पीक नोंदीत) धान नोंदवला आहे का तेही बघा. ‘पड’ अशी नोंद राहिली तर नंतर हेलपाटे ठरलेले. सन्मान निधी तर जमीन नावावर असणाऱ्यालाच मिळतो, खंडाने करणाऱ्याला नाही.

हप्ता अडला तर आधी पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून स्थिती बघा. तिथे ई-केवायसी (ओळखीची खात्री), लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेशी जोडणे) आणि आधार-बँक सीडिंग या तीन ओळी महत्त्वाच्या.

ई-केवायसी ओटीपीने, सेवा केंद्रावर बोटाच्या ठशाने किंवा मोबाइल अॅपमध्ये चेहरा दाखवून होते. कष्टाने बोटे झिजलेल्यांना चेहऱ्याचा पर्याय सोपा.

लँड सीडिंगपुढे ‘नो’ असेल तर ताजा सातबारा आणि आठ-अ (खात्याचा उतारा) घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा. नावात किंवा गट क्रमांकात चूक असेल तर तलाठ्याकडचे काम आधी उरकावे लागते.

सर्वांत फसवी तिसरी ओळ. खात्याला आधार जोडलेला असणे आणि सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी सीडिंग असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे आधारशी सर्वांत शेवटी मॅप झालेल्या बँकेत जातात. दुसऱ्या योजनेसाठी पोस्टात नवे खाते काढले, संमतीवर सही झाली, की हप्ता तिकडे वळतो आणि माणूस जुन्याच पासबुकात एन्ट्री शोधत बसतो. म्हणून तक्रार करण्याआधी घरातली सगळी खाती तपासा. मग हेल्पलाइन १५५२६१.

पती, पत्नी आणि अज्ञान (१८ वर्षांखालील) मुले मिळून एकच कुटुंब धरतात. दोघांच्या नावे जमीन असली तरी लाभ एकालाच. दोघांनी घेतला असेल तर वसुली निघते. मागील करनिर्धारण वर्षात प्राप्तिकर भरलेले आणि दरमहा १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे अपात्र, चतुर्थ श्रेणीचे निवृत्त कर्मचारी मात्र चालतात. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, वारसाने आलेल्या जमिनीवर आहे. म्हणून घरातला लाभार्थी वारला तर त्याचे खाते चालू ठेवून हप्ते उचलू नका. वारस फेरफार करून नवी नोंदणी करा.