इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढताना आधी शेवटचा आकडा काढा

बहुतेक घरांत चार वर्षांच्या फीची बेरीज करतात आणि तेवढंच कर्ज धरून चालतात. समजा दरवर्षी 2 लाख असे 8 लाख उचलले, व्याजदर 10 टक्के. शिक्षणाच्या काळात आणि नंतरच्या एका वर्षाच्या सवलतीत हप्ता नसतो, पण रक्कम कॉलेजला गेली त्या दिवसापासून सरळव्याज चढतं. पहिल्या 2 लाखांवर पाच वर्षांचं 1 लाख, मग 80, 60 आणि 40 हजार. परतफेड सुरू होते ती 10.80 लाखांवर. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण 14,270 रुपये. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर 11,600, पण एकूण भरणा 17 लाखांवरून जवळपास 21 लाखांवर जातो.

जमत असेल तर व्याज चालू काळातच भरा. पहिल्या वर्षी महिना 1,667 रुपये लागतात, चौथ्या आणि नंतरच्या सवलतीच्या वर्षी 6,667. मग हप्ता 10,570 वर येतो. चौथ्या वर्षीची रक्कम झेपणार नसेल तर निदान पहिल्या दोन वर्षांचं भरा. तेवढं व्याज परतफेडीच्या रकमेत चढत नाही.

आता ही पदवी तेवढ्या मोलाची आहे का, हे ठरवायला कॉलेजच्या फलकावरचं ‘सर्वोच्च पॅकेज’ बिनकामाचं. कॉलेजने एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्था क्रमवारीला, पाठवलेली माहिती मागा. तिच्यात किती जण उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार (पगार क्रमाने लावले तर मधोमध येणारा) किती, हे असतं. मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, त्यामुळे आधी उत्तीर्णांतलं त्यांचं प्रमाण बघा. हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून हप्ता मोठा होत असेल तर आमच्या मते ते कॉलेज महाग आहे, नाव कितीही मोठं असो. पुण्यात राहून 25 हजार पगारात 14 हजारांचा हप्ता निघत नाही.

कर्ज कमी करायचा खरा मार्ग म्हणजे कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गाला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. त्याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की दोन्ही हातचं जातं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा किंवा नूतनीकरण करावा लागतो, आणि दुसऱ्या वर्षी तोच राहून जातो.

बँकेचे टप्पे साधे आहेत. 4 लाखांपर्यंत तारण नाही, पालक सहकर्जदार. त्यापुढे 7.5 लाखांपर्यंत काही बँका जामीनदार मागतात, त्याहून मोठ्या कर्जाला सहसा तारण. निवडक संस्थांसाठी केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात 3 टक्के व्याज सवलत आहे, पण लाभार्थ्यांची संख्या मर्यादित.

अर्ज अडतो तो बऱ्याचदा वडिलांच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालावर. थकलेलं पीककर्ज किंवा कुणाला दिलेली जामीनकी तिथे दिसते. म्हणून प्रवेशाच्या दोन-तीन महिने आधी अहवाल काढा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. कागदांमध्ये कॉलेजचं वर्षवार फीपत्रक, प्रवेशपत्र, गुणपत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला हवाच. पैसे थेट कॉलेजला जातात. दरवर्षी डिमांड लेटर (कॉलेजचं फी मागणीचं पत्र) आणि निकाल द्यावा लागतो. वर्ष गेलं तर पुढची रक्कम अडू शकते. काही शाखा विम्याचा हप्ता कर्जातच जोडतात, मंजुरीपत्र वाचूनच सही करा.

प्राप्तिकरात या कर्जाच्या व्याजाची वजावट जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या कर प्रणालीत.

नोकरी लांबली तर पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेत लेखी अर्ज देऊन मुदतवाढ मागा. 90 दिवसांहून जास्त थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि सहकर्जदार म्हणून वडिलांचं पुढचं पीककर्जही अडचणीत येतं.