घाम मोजू नका: ड्रम कोअरचं परीक्षण करताना होणाऱ्या चुका

अमेरिकेतल्या इंडियानात शाळांच्या मार्चिंग बँड स्पर्धांसाठी, म्हणजे मैदानावर चालत, आकृत्या करत वाजवणाऱ्या पथकांसाठी, मी परीक्षण शिकत होतो तेव्हाची गोष्ट. शिकाऊ परीक्षकाचे गुण निकालात धरत नाहीत. जाणत्या परीक्षकाशेजारी बसायचं, आपले आकडे लिहायचे, बघता बघता बोललेलं रेकॉर्ड करायचं आणि नंतर बोलणी खायची. त्या संध्याकाळी एका पथकाने शेवटचं दीड मिनिट अक्षरशः पळत वाजवलं. मी भारावलो आणि अवघडपणाचे गुण सढळ हाताने टाकले. पुढच्या पथकाने संथ चालीत एक वाकडीतिकडी आकृती सावकाश उलगडली. तिथे माझा आकडा चार दशांशांनी खाली.

शेजारच्याने कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "पळणाऱ्या पोरांना रस्ता कोण दाखवत होतं?"

पुढचा पोरगा दाखवत होता. सगळे एकामागोमाग एकाच रांगेत पळत होते. पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवली की काम झालं. संथ आकृतीत मात्र प्रत्येकाचा रस्ता वेगळा होता आणि पुढे कुणाचीच पाठ नव्हती. पुण्यात ढोल-ताशा पथकात मी बरीच वर्षं काढली आहेत. कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवणाऱ्याबद्दल वाटणारा आदर अंगात मुरलेला आहे. तोच आदर इथे माझ्या आड आला.

नवख्यांसाठी थोडक्यात. ड्रम कोअर म्हणजेही असंच मैदानावर चालत वाजवणारं पथक. स्पेलिंगमध्ये पी आणि एस असले तरी उच्चार 'कोअर'. पितळी वाद्यं, ताल आणि झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड मिळून दीडशेच्या वर पोरं, वय जास्तीत जास्त २१. ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था १९७१ची, तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. हल्ली अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये असते. शंभरपैकी ४० गुण एकूण परिणामाला, ३० दृश्याला, ३० संगीताला. दृश्य आणि संगीताच्या पत्रकांवर दोन रकाने असतात, कंटेंट आणि अचिव्हमेंट. म्हणजे काय करायला दिलं आहे आणि ते किती सफाईने केलं. आपण घोळ घालतो तो पहिल्या रकान्यात.

वेग दिसला की गुण देणं

पाच यार्डांत आठ पावलं ही नेहमीची चाल, एक पाऊल साडेबावीस इंचांचं. पाच यार्डांत पाचच पावलं टाकायची तर पाऊल ३६ इंचांचं होतं. मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत हा वेग ताशी जवळजवळ १० किलोमीटर पडतो. खांद्यावर १२-१५ किलोचा ट्यूबा, कंबरेखालचं शरीर एकीकडे चाललेलं, छाती आणि वाद्याचं तोंड प्रेक्षकांकडे, आणि श्वास वाद्यात. हे कष्ट खरेच आहेत, त्याचे गुण द्यायलाच हवेत. फक्त तिथेच थांबू नका.

एक साधी आकृती घ्या. दहा यार्ड लांबीची सरळ रांग एका टोकाभोवती दारासारखी फिरते, १६ मात्रांत पाव फेरा. खिळलेल्या टोकाचा जागच्या जागी पाय हलवतो. बाहेरच्या टोकाचा जवळपास १६ यार्ड चालतो, म्हणजे दर मात्रेला ३५ इंचांचं पाऊल. बरोबर मधल्याचं पाऊल त्याच्या निम्मं. नवखा परीक्षक टोकाच्या पोराकडे बघतो, कारण दमतो तो. पण टोकाच्याला बहुधा कुठली तरी पांढरी रेघ खूण म्हणून मिळते. मधल्याला रेघ नाही, डावीकडचा पुढे सरकतोय, उजवीकडचा मागे राहतोय, दोघांच्या मध्ये त्याला रांग सरळ ठेवायची आहे आणि वाजवायचंही आहे. टोकाच्याचं शरीर दमतं, मधल्याचं डोकं. कंटेंटचा आकडा दोघांकडे बघून टाकायचा असतो.

त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. कुठल्याही क्षणी एक वादक निवडायचा आणि मनात दोन याद्या करायच्या. याच्यावर एकाच वेळी कामं किती? आणि याला आधार कशाकशाचा? पुढची पाठ, मैदानाची रेघ, शेजारी तेच वाजवणारे चौघे, समोरच्या अर्ध्या मैदानावर चाललेली आरशातली आकृती, हे सगळे आधार. १९८३ साली गारफिल्ड कॅडेट्स या ड्रम कोअरने जॉर्ज झिंगालीने आखलेल्या आकृत्यांवर पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा लोक थक्क झाले ते याच कारणाने. दोन्ही बाजू सारख्या ठेवण्याचा रिवाज त्याने मोडला आणि पोरांचा आरसाच काढून घेतला. पावलं तेवढीच, आधार कमी.

कान आणि डोळ्यांचं भांडण न दिसणं

ही चूक सर्वांत जास्त होते, कारण ती वर बसून दिसत नाही. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. प्रेक्षकांच्या बाजूला उभ्या वादकाचा आवाज ३० मीटर मागे उभ्या पोरापर्यंत पोचायला सेकंदाचे नऊ शतांश लागतात. मागच्याने कानावर विश्वास ठेवून त्याच्या बरोबर वाजवलं, तर त्याचा आवाज पुढे यायला आणखी तेवढाच वेळ. १८०च्या लयीत एक मात्रा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याची. म्हणजे प्रेक्षकाला तो पोरगा अर्ध्या मात्रेहून जास्त मागे ऐकू येतो, आणि बिचाऱ्याला वाटतं आपण चोख आहोत.

म्हणून पुढच्यांनी मागून येणारा ठेका ऐकायचा, आणि मागच्यांनी समोरून येणारा आवाज कानाआड करून समोर उभं राहून हातांनी लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरकडे बघायचं. लक्ष्मी रस्त्यावर वाजवलेल्यांना हे सांगायला नको. दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परत येतो आणि शेवटच्या ओळीतल्या ढोलवाल्याने कानापेक्षा ताशावाल्याच्या हातावर भरवसा ठेवलेला बरा. फरक एवढाच की तिथे तुम्ही एका ओळीत पुढे सरकता, इथे ड्रमलाइन, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्यांची रांग, चाळीस सेकंदांत मैदानाच्या मागच्या कोपऱ्यातून पुढे येते. कुणी कुणाला ऐकायचं याचे नियम तेवढ्यात उलटे होतात.

तेव्हा वाद्यं दूरदूर पसरली की लगेच सावध व्हा. पोरं जागची हलत नसतील, एक थेंब घाम नसेल, तरी त्या आठ मात्रा सगळ्या कार्यक्रमातल्या सर्वांत अवघड असू शकतात.

संथ म्हणजे सोपं

उलट चूकही तितकीच वाईट: हळू आहे म्हणजे 'बौद्धिक' आहे, असं लेबल लावून मोकळं होणं. मिनिटाला ६० ठोके आणि पाच यार्डांत १६ पावलं अशी चाल स्वतः करून बघा. सव्वाअकरा इंचांचं पाऊल पूर्ण एक सेकंद न थांबता सरकवत ठेवायचं, टाचेपासून बोटांपर्यंत. दहाव्या पावलाला घोटा थरथरायला लागतो, आणि ही थरथर थेट भोंग्यातून ऐकू येते. मागे चालताना तर टाच टेकवायचीच नाही. हा शारीरिक भार आहे, फक्त त्यात धाप लागत नाही.

हा वाद जुना आहे. १९९३च्या अंतिम फेरीत त्याच कॅडेट्सना ९७.४ गुण आणि स्टार ऑफ इंडियाना या पथकाला ९७.३. स्टारने त्या वर्षी धडाक्याला फाटा देऊन देहबोली आणि शांततेवर कार्यक्रम उभा केला होता, आणि काही प्रेक्षक चिडले होते. त्या एका दशांशावरून इथले जुने लोक अजून जेवणाच्या टेबलावर भांडतात. मी कुणाच्या बाजूचा ते सांगत नाही.

रायफल पडली की कंटेंट कापणं

१९८३पर्यंत परीक्षक चुका मोजायचे, दर चुकीला एक दशांश वजा. त्याला 'टिक' म्हणत. साहजिकच सोपं लिहिणाऱ्याचा फायदा व्हायचा. १९८४पासून गुण शून्यातून वर चढवत द्यायची पद्धत आली. पण टिक अजून हातात आहे. कलर गार्डची मुलगी रायफल उंच फेकते, ती हवेत असताना स्वतः फिरते, दुसऱ्या जागी जाऊन पकडते, आणि एकदा रायफल पडते. ते अचिव्हमेंटच्या रकान्यात. कंटेंट तिथल्या तिथे खाली ओढू नका. मात्र पूर्ण मोसमभर तो भाग कुणालाच जमत नसेल, तर पोरांना न पेलणारं लिहिलंय, आणि मग कंटेंटबद्दलही बोलायला हवं.

ड्रमलाइन बाजूला खेकड्यासारखी पायांची कात्री करत सरकते तेव्हा सगळ्यांचं लक्ष हातांकडे असतं. एकदा तरी पाय बघा.

आकडे बिघडल्याची लक्षणं

तुमच्या कागदावर कंटेंट आणि अचिव्हमेंट दर पथकाला सारखेच येत असतील, तर तुम्ही एकच गोष्ट दोनदा मोजताय. पहिल्याच पथकाला इतके दिलेत की वर जागाच उरली नाही, तर आकडे विसरा, आधी क्रम लावा, मग दोन पथकांतलं अंतर ठरवा. रेकॉर्डिंग परत ऐका. त्यात 'काय ऊर्जा', 'काय वेग' असं पाचदा आलं आणि एकाही वादकाचं काम सांगितलेलं नाही, तर स्पर्धेनंतर परीक्षकांशी होणाऱ्या टीकाचर्चेत पथकाचे प्रशिक्षक तुम्हाला सोलून काढतील. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेमकं कुठे? "दुसऱ्या गाण्यात ट्यूबा मागे चालत सात मात्रांचं चक्र वाजवत होते आणि पावलं चारच्या गटात होती" असं सांगता आलं की चर्चा पाच मिनिटांत आटोपते.

सरावाला जुनी चित्रफीत घ्या. आधी आवाज बंद करून दोन मिनिटं, प्रत्येक वेळी एकाच वादकामागे. मग पडद्याकडे पाठ करून तीच दोन मिनिटं नुसती ऐका आणि कागदावर लिहा, आता मैदानावर कोण कुठे असेल. माझी पहिल्या खेपेला दहापैकी दोन उत्तरं बरोबर आली होती.