टर्नटेबलची सुई घेताय? आधी बॉडी ओळखा

मुंबईत रेकॉर्ड ऐकायला लागलेल्या माणसाला दोन सल्ले हटकून मिळतात. ‘घ्यायचं तर भारीतलं कार्ट्रिज घ्या’ हा एक, आणि ‘सुई काय, कुठलीही चालते’ हा दुसरा. कार्ट्रिज म्हणजे तबकडीवर टेकणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे आर्मच्या, टोकाला बसणारी डबी: तिची बॉडी आणि तीत खोचलेली सुई. दोन्ही सल्ले कानाआड करा. कार्ट्रिज घेताना मी एवढंच आधी विचारतो: याची सुई पुढेही मिळत राहणार आहे का?

आधी तबकड्या बघा. घरात फक्त एलपी आणि ४५च्या छोट्या तबकड्या असतील तर एक सुई पुरते. आजोबांच्या वेळची नाट्यसंगीताची ७८ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची) थप्पी असेल तर दुसरी घ्यावीच लागते. एलपीच्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन, ७८च्या सुईची ६५ ते ७५. बारीक सुई ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. मग गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते, आणि ७८च्या तबकडीच्या लाखेत दगडाची पूड मिसळलेली असल्याने सुईही लवकर झिजते. ७८ची सुई एलपीवर ठेवलीत तर त्या एलपीची वाट लागली म्हणून समजा.

मग आर्म. कार्ट्रिज धरणाऱ्या दोन स्क्रूंमध्ये १२.७ मिमी अंतर असेल तर बाजारातली बहुतेक कार्ट्रिजं बसतात. मागे चार पिना आणि आडवा एकच स्क्रू असेल तर त्या पिनांवर खोचायचं, पी-माउंट जातीचं कार्ट्रिजच लागेल. डीजे मंडळी टेक्निक्स एसएल-१२०० हे टर्नटेबल वापरत असतील तर ऑर्टोफॉन काँकॉर्डसारखं हेडशेलसकट (हेडशेल म्हणजे कार्ट्रिज बसवायचं आर्मचं सुटं टोक) येणारं कार्ट्रिज थेट अडकवता येतं. स्क्रॅचिंगसाठी (तबकडी हाताने पुढेमागे करायला) गोल टोकाचीच सुई घ्या.

प्रकार: मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलतो तो. मूव्हिंग कॉइलच्या (यात तारेची गुंडाळी हलते) नादी पहिल्याच फटक्यात लागू नका. बहुतेक मूव्हिंग कॉइलची सुई घरी बदलता येत नाही आणि सिग्नल इतका क्षीण असतो की त्याला चालणारा प्रीअँप (सिग्नल वाढवणारं यंत्र) वेगळा लागतो. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका मला आवडते ती एकाच कारणासाठी: एका बॉडीवर गोल, लंबगोल, मायक्रोलिनिअर, शिबाटा अशा निरनिराळ्या टोकांच्या आणि ७८ची, सगळ्या सुया बसतात. आपल्याकडच्या मिश्र संग्रहाला याहून सोयीचं काही नाही.

जुन्या यंत्राची सुई. घोडं पेंड खातं ते इथे. चोर बाजारात मटन स्ट्रीटवर प्लेअर मिळतो, तबकडी फिरते, आवाज मात्र फाटका. सुई बदलायची हे कळतं, पण कुठली? माझेही बरेच पैसे आणि रविवार या प्रश्नावर गेले आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सुईच्या प्लास्टिकवरचा नंबर धरून दुकानात जाऊ नका. आधीच्या मालकाने भलतीच सुई खोचलेली असू शकते. सुई हलकेच काढा आणि बॉडीवरचा नंबर वाचा. सुईचा नंबर बहुधा त्यावरूनच निघतो: शुअरच्या एम४४-७ ला एन४४-७, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी३६००एलला एटीएन३६००एल. नंबर पुसला असेल तर बॉडीचे समोरून, खालून आणि बाजूने मोबाइलवर फोटो काढा आणि इंटरनेटवरच्या फोटोंशी ताडून बघा.

‘सगळ्याला चालते’ म्हणून विकली जाणारी सुई घेऊ नका. भोकात बसली म्हणजे जुळली असं होत नाही. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये चुंबक असतो सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला. तो बॉडीतल्या ध्रुवांच्या नेमका मध्ये आला नाही तर डाव्या-उजव्यापैकी एका बाजूचा आवाज बसतो किंवा दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात. सैल सुई फेव्हिक्विकने चिकटवलेली बॉडीही मी पाहिली आहे. ती सरळ भंगारात.

‘जुना माल, पण न वापरलेला’ याचाही मोह नको. टोकाचा हिरा टिकतो, पण दांडीला धरून ठेवणारं रबर उकाड्यात वर्षानुवर्षं पडून कडक होतं किंवा लिबलिबीत. घ्यायचीच असेल तर भिंगातून समोरून बघा. दांडी सरळ मध्यात हवी आणि तबकडीवर टेकल्यावर कार्ट्रिजचं पोट खाली लागता कामा नये. शुअरने २०१८ साली कार्ट्रिजचा धंदा गुंडाळला, पण त्यांच्या बॉडीसाठी जपानची जिको कंपनी नव्या सुया बनवते. पेटीबंद जुन्या सुईपेक्षा मी ती नवी घेईन.

एलपी-७८ अशी खिट्टी फिरवून सुई उलटायची सोय असेल तर कार्ट्रिज बहुधा सिरॅमिक (चुंबकाऐवजी दाबाने वीज देणारं) आहे. तिथे फक्त सुई बदला. मूव्हिंग मॅग्नेट बसवायला गेलात तर फोनो प्रीअँप लागेल, आणि एवढं करूनही तो जड आर्म हलक्या वजनावर नीट चालेलच असं नाही.

वजन. ‘कमी ठेवा, तबकडी झिजत नाही’ हा सल्ला तबकड्यांचा शत्रू आहे. हलकी सुई खाचेत उसळते आणि भिंतींवर आपटते. कंपनीने दिलेल्या मर्यादेत मधलं किंवा किंचित वरचं वजन ठेवा: व्हीएम९५ई ला २ ग्रॅम, डीजे कार्ट्रिजला साधारण ३ ते ४. सुई उडते म्हणून हेडशेलवर नाणं ठेवायची जुनी खोड मात्र सोडा. छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो.

जुळवणी. सुईची जागा आणि कोन जुळवायचा कागदी प्रोट्रॅक्टर छापून घ्या. एसएल-१२०० वर हेडशेलच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी ठेवलंत की झालं.

बदलायची कधी? ऑडिओ-टेक्निका स्वतः गोल सुईला ५०० तास, लंबगोलला ३०० आणि मायक्रोलिनिअरला १००० तास देते. रोज एक एलपी ऐकत असाल तर लंबगोल सुई सव्वा वर्षात बदलायला येते. त्याआधीच तबकडीची बाजू संपत येताना ‘स’ आणि ‘श’ फाटायला लागले, तर सुई साफ करा आणि वजन तपासा. तरीही फाटत असतील तर तासांचा हिशेब करत बसू नका, नवी मागवा.