शेवग्याच्या पाल्याची पावडर: सगळा खेळ वाळवण्याचा

‘शेवग्याचा पाला सावलीत वाळवा आणि मिक्सरला फिरवा.’ जिथे बघावं तिथे कृती एवढ्यावरच संपते. मीही तेवढंच वाचून सुरुवात केली आणि पहिल्या दोन खेपा टाकून दिल्या. एक वाळल्या गवतासारखी झाली, दुसरी कुबट. दोन्ही वेळा पाला सावलीतच होता, निदान माझ्या समजुतीप्रमाणे.

आधी एक गोष्ट. दारात झाड असेल आणि पाला बारमाही मिळत असेल, तर पावडरीच्या नादी लागूच नका. ताजा पाला केव्हाही सरस. सी जीवनसत्त्व तर वाळवण्यात बहुतेक निघूनच जातं. कोकणात गोकुळाष्टमीला शेगलाची भाजी करतात, ती ताज्या पाल्याचीच. पावडर कशासाठी, तर झाड उघडं पडतं त्या महिन्यांसाठी, किंवा ज्यांच्याकडे झाडच नाही त्यांना द्यायला.

पाला कोवळाही नको आणि जूनही नको. शेंड्याची लुसलुशीत पानं भाजीला ठेवा, पिवळी पडलेली काढून टाका. सकाळी दव उडाल्यावर फांद्या तोडा, पण झाडावर चढून नाही. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, हिरवीगार दिसणारी फांदीही पायाखाली मोडते. उंच वाढू दिलेलं झाड पाल्याच्या कामाचं नाहीच. ते छाटून हाताच्या उंचीवर ठेवावं.

पानं डहाळीवर असतानाच धुवा. लिटरभर पाण्याला १० ग्रॅम मीठ या हिशेबाने पाणी करून त्यात तीन-चार मिनिटं बुडवायचं, मग साध्या पाण्यातून काढायचं. जुड्या झटकून दोरीवर उलट्या टांगा. वरचं पाणी पूर्ण निथळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पानं काढायची एक जुनी युक्ती आहे: डहाळ्या रात्रभर कापडात गुंडाळून ठेवायच्या, सकाळी नुसत्या झटकल्या की पानं आपोआप गळतात. भाजीसाठी झकास. पावडरीसाठी मात्र चुकूनही करू नका. त्या गाठोड्यात पानं उबतात, पिवळी पडायला लागतात, आणि तो पिवळेपणा पावडरीत उतरतो. पावडरीचा पाला डहाळी मुठीत धरून उलट्या दिशेने ओरबाडायचा आणि लगेच पसरायचा.

आता वाळवणं. पहिल्या वेळी मी पाला गच्चीवर कापडाच्या छताखाली ठेवला होता. त्याला सावली म्हणत नाहीत. छताला लागून बाजूने ऊन येत होतं आणि दुपारी तर कापडातून झिरपत होतं. प्रकाशाने पानाचा हिरवा रंग जातो आणि ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते कॅरोटीनही जातं. तिसऱ्या दिवशी पाला कडकडीत वाळला होता, पण रंग कडब्याचा.

दुसऱ्या वेळी शहाणपणा करून खोलीत ठेवला. दारं बंद, खिडक्यांना पडदे, धूळ नको म्हणून वरून आणखी एक चादर. पाला बराच होता आणि जागा थोडी, म्हणून थर चांगला चार बोटांचा झाला. रात्री सहज हात घातला तर आतून कोमट लागला. सकाळपर्यंत मधला पाला काळपट, आणि वास ओल्या गोणपाटाचा.

तेव्हा कळलं की तोडलेलं पान लगेच मरत नाही. ते श्वास घेत राहतं, आणि त्यातून उष्णता आणि वाफ बाहेर पडते. थर जाड असेल तर दोन्ही आतच कोंडतात, मग बुरशीला आयतं घर. म्हणून सावली ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी वारा, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. माझं स्पष्ट मत आहे: अंधारी कोंदट खोली आणि उघडं ऊन यांत निवडायचीच वेळ आली, तर त्या दिवशी पाला तोडू नये.

जुनी सुती साडी किंवा जाळी बाजेवर ताणून बांधा, म्हणजे खालूनही हवा लागते. पाला इतका विरळ पसरा की मधून कापड दिसलं पाहिजे. एक चौरस मीटरला एक किलोच्या वर नाही. खिडक्या उघड्या, पंखा चालू, पण झोत थेट पाल्यावर नको, पानं घरभर होतात. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी हाताने हलवा. पहिला दिवस सांभाळला की पाला सांभाळला. हवा कोरडी असेल तर तीन-चार दिवसांत काम होतं. पावसाळ्यात हा उद्योग करूच नका. ड्रायर असेल तर ५० अंशांच्या आसपास ठेवून करा.

वाळलं कधी म्हणायचं, इथे दुसरा घोटाळा होतो. दुपारी पाला कुरकुरीत लागतो आणि आपण खूश. संध्याकाळी तोच सादळलेला असतो. पान आधी वाळतं, पानामधली बारीक काडी मागे राहते. ती काडी वाकवून बघा: लवली तर ओल आहे, कट्‌कन तुटली तर झालं. तरी खात्रीसाठी मूठभर पाला काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकून रात्रभर ठेवा. सकाळी काचेला आतून घाम आला असेल तर आणखी एक दिवस. वजनावरूनही कळतं. देठांशिवाय ५ किलो ओला पाला असेल तर वाळून सव्वा किलोच्या आसपास भरतो. दीड किलो भरला तर आत पाणी आहे.

काड्या चाळून काढा. मिक्सर थांबत थांबत फिरवा. पावडर कोमट असताना बरणीत भरू नका. गडद काचेची बरणी, उजेडापासून लांब, गॅसजवळच्या फळीवर तर नकोच, आणि सहा महिन्यांत संपवा. चांगल्या पावडरीचा रंग गडद हिरवा आणि वास पाल्याचाच असतो.

खायची किती? दिवसाला अर्धा ते एक चहाचा चमचा, तोही थोड्यापासून सुरू करून, नाहीतर पोट बिघडतं. डाळीत, कणकेत, ताकात, कशातही जाते. गॅस बंद करताना घालावी, रटरट उकळू नये. ‘३०० रोगांवर एकच उपाय’ असली पत्रकं मी वाचतही नाही. तक्त्यांत १०० ग्रॅम पावडरीला २५-३० मिलिग्रॅम लोह असं छापलेलं असतं, ते वाचून लोक हरखतात. पण चमच्यात मावते दोन-तीन ग्रॅम, म्हणजे लोह १ मिलिग्रॅमच्याही आत, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. चांगली पालेभाजी आहे, एवढं म्हटलं तरी शेवग्याचा अपमान होत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका, पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. साखरेची किंवा थायरॉइडची गोळी असेल तरीही आधी विचारा. आणि मूळ-साल उगाळून घ्यायच्या भानगडीत पडू नका. मुळाला मुळ्यासारखा झणका असतो म्हणून काही ठिकाणी ते तोंडी लावायला वापरत आले आहेत, पण त्याच्या सालीत विषारी अल्कलॉइड असतात. गरोदर बाईला तर मूळ आणि साल दोन्ही पूर्ण वर्ज्य.

झाडावर वाळलेल्या शेंगा राहिल्या असतील तर त्यांतलं बी टाकू नका. सुदानमध्ये बायका नाईलचं गढूळ पाणी निवळायला हेच बी कुटून टाकत आल्या आहेत. कुटलेल्या बियांतली प्रथिनं मातीचे कण एकत्र ओढतात आणि गाळ तळाशी बसतो. मी बादलीभर गढूळ पाण्यात करून पाहिलं आहे, पाणी छान निवळतं. पण निवळलेलं म्हणजे निर्जंतुक नव्हे, प्यायचं असेल तर नंतर उकळावंच लागतं.