‘प्रिमिटिव्ह’ दिसलं की ‘आदिम’? या चुका टाळा

अनुवाद करताना ‘प्रिमिटिव्ह’ आला की हात आपसूक ‘आदिम’कडे जातो. शब्द लॅटिनमधल्या ‘पहिला’ या अर्थाच्या शब्दापासून आलाय खरा, पण पहिला कशात? काळात, की रचनेत? हे ठरवल्याशिवाय प्रतिशब्द लिहू नका.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतले ‘आदिम डेटा टाइप’ (माहितीचे प्रकार) वाचून विद्यार्थ्याला वाटतं, हे जुनाट असावेत. तसं काही नाही. बाइट, शॉर्ट, इंट, लाँग, फ्लोट, डबल, कॅर आणि बूलियन हे आठही रोजच्या वापरातले आहेत. इतर कशापासून बनलेले नाहीत, म्हणून ‘मूलभूत’. त्यांच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत ठेवायच्या नाव दिलेल्या जागेत, थेट किंमत असते. इंटची ऑब्जेक्ट-आवृत्ती असलेल्या ‘इंटिजर’च्या व्हेरिएबलमध्ये मात्र ऑब्जेक्टचा संदर्भ, म्हणजे तो कुठे आहे याची खूण असते, आणि नेमकी इथेच गफलत होते. दोन इंटिजरमध्ये १२७ ठेवून == ने तुलना केली तर उत्तर ‘ट्रू’ येतं, १२८ ठेवले की सहसा ‘फॉल्स’. कारण == दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट आहे का ते बघतं, आणि −१२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट जावा आधीच तयार ठेवते आणि तेच पुन्हा देते. त्यापुढे सहसा नवा ऑब्जेक्ट बनतो. म्हणून तिथे किंमत तपासणारं ‘इक्वल्स’ वापरा. आणि जावाची यादी जावास्क्रिप्ट या वेगळ्या भाषेला लावू नका: तिथे स्ट्रिंगही (मजकूर) प्रिमिटिव्ह आहे, जावात नाही.

गणितात एकाच शब्दाचे दोन अर्थ भेटतात. ३-४-५ हे पायथागोरसचं प्रिमिटिव्ह त्रिकूट, कारण तिन्हींना १ सोडून सामाईक विभाजक नाही; ६-८-१० तसं नाही. ‘प्रिमिटिव्ह रूट’चा अर्थ वेगळा. ३ चे घात घेऊन ७ ने भागत गेलं की बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशी येते, म्हणजे १ ते ६ सगळ्या; म्हणून ३ हे ७ साठी प्रिमिटिव्ह रूट. २ घेतले तर २, ४, १ वरच फेरा संपतो. सहाव्या घाताची बाकी १ आली म्हणून थांबू नका, ती १ ते ६ पैकी कुठल्याही संख्येला येतेच. दुसरा आणि तिसरा घात तपासा; त्यांपैकी एकाचीही बाकी १ आली तर ती संख्या बाद.

जीवशास्त्रात लक्षण प्रिमिटिव्ह असतं, प्राणी नव्हे. प्लॅटिपसचं अंडी घालणं पूर्वजांकडून आलेलं, पण विद्युत्संवेदी चोच नंतरची. कलेतले ‘फ्लेमिश प्रिमिटिव्ह’ म्हणजे यान व्हान आइकसारखे पंधराव्या शतकातले तैलरंगांचे उस्ताद. त्यांना ‘आदिम चित्रकार’ म्हणणं साफ चूक, ‘आद्य’ म्हणा.

माणसांबद्दल लिहिताना चूक नुसती भाषेची राहत नाही, ती माणसांना लागते. केंद्र सरकारने ‘प्रिमिटिव्ह ट्रायबल ग्रुप’ हे नाव २००६ मध्ये बदललं. आता त्यात ‘विशेष असुरक्षित’ या अर्थाचे शब्द आहेत. महाराष्ट्रात या यादीत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात. जुन्या दस्तऐवजाचं किंवा योजनेचं नाव उद्धृत करायचं असेल तर ‘आदिम जमाती’ अवतरणचिन्हांत ठेवा. तुमच्या स्वतःच्या वाक्यात सरळ ‘कातकरी’ लिहा.