पाण्याआधी द्राव्याची चौकशी करा

विसरण (पदार्थाचं दाटीकडून विरळतेकडे पसरणं), परासरण (पाण्याचं पटलातून जाणं), सुलभ विसरण (प्रथिनांच्या मदतीने होणारं विसरण) या तिन्हींच्या व्याख्या बहुतेकांना तोंडपाठ असतात. प्रश्न जरा फिरवून आला की मात्र गाडी अडते, कारण ‘संहती (द्रावणातलं पदार्थाचं प्रमाण) कुठे जास्त?’ असं मोघम विचारायची सवय लागलेली असते. विचारायचं असतं ते एकेका पदार्थाबद्दल. हा पदार्थ पेशीपटल ओलांडू शकतो का? शकत असेल तर त्याचा स्वतःचा उतार, म्हणजे जास्त संहतीकडून कमीकडची दिशा, कोणत्या बाजूला आहे? सोडियम बाहेर जास्त आहे की आत, याच्याशी ऑक्सिजनला काही देणंघेणं नसतं.

पेशीपटलाचा मधला तेलकट थर जेमतेम 3 नॅनोमीटरचा असतो, पण सगळी निवड तिथेच होते. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि स्टेरॉइडसारखे तेलात मुरणारे रेणू सरळ पार होतात. पाणी सावकाश जातं, ग्लुकोज जवळजवळ अडकतंच. आयनांची तर गोष्टच सोडा: प्रथिनं नसलेल्या नुसत्या लिपिड पटलातून सोडियमच्या तुलनेत पाणी सुमारे अब्जपट सहज जातं. ‘लहान रेणू जातो, मोठा अडतो’ हे पाठांतर इथे दगा देतं. सोडियम आयन इवलासा असतो, पण त्याच्यावर प्रभार असतो आणि भोवती पाण्याच्या रेणूंचा घोळका असतो. तो घोळका सोडून तेलात शिरणं त्याला परवडत नाही.

म्हणून प्रथिनं लागतात. त्यांत चॅनेल म्हणजे बोगदा. पोटॅशियमच्या चॅनेलमधून सेकंदाला कोट्यवधी आयन जातात. पाण्यासाठीचा बोगदा, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन, पीटर अ‍ॅग्रे यांनी 1992 च्या सुमारास ओळखला आणि 2003 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वाहक प्रथिनाचं काम वेगळं. ते रेणू धरतं, आकार बदलतं आणि पलीकडे सोडतं, त्यामुळे त्याचा वेग खूपच कमी. आलेखात हा फरक लगेच दिसतो. साध्या विसरणात संहतीचा फरक वाढेल तसा वेग सरळ रेषेत वाढत जातो. वाहक असेल तर सगळे वाहक गुंतल्यावर रेषा आडवी होते. परीक्षेत आडवी झालेली रेषा दिसली की आधी वाहकाचा विचार करा. लगेच ‘एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) संपलं’ असं लिहू नका.

आता सगळ्यांत जास्त चुकणारा भाग. 0.3 मोलर युरियाचं द्रावण घ्या. त्यातल्या कणांची एकूण संख्या आणि तांबड्या रक्तपेशीच्या आतल्या कणांची संख्या जवळपास सारखीच. मग हे द्रावण समपरासारी, म्हणजे पेशीला ना फुगवणारं ना आकसवणारं, म्हणायचं का? नाही. पेशी त्यात टाकल्या तर थोड्याच वेळात फुटतात आणि गढूळ लाल मिश्रण पारदर्शक होतं. कारण युरिया बाहेर थांबत नाही. तांबड्या पेशीच्या पटलात त्याचे वाहक असतात, तो आत शिरतो, आतले मूळ कण तिथेच राहतात, आत एकूण कण वाढतात आणि मागोमाग पाणी येतं. याउलट 0.9 टक्के मिठाच्या द्रावणात पेशी जशीच्या तशी राहते. सोडियमची आत-बाहेरची वाटणी पेशी पंपाने राखते, त्यामुळे मीठ आत भरल्यासारखं होत नाही.

कणांची संख्या ही द्रावणाची बाब. पेशी फुगेल की आकसेल, हे पटल काय अडवतं त्यावर ठरतं. हे पटलं का ते तपासायला एकच प्रश्न पुरे: 0.9 टक्के मिठात 0.3 मोलर युरियाही घातला तर पेशीचं काय होईल? आधी आकसेल आणि युरिया आत पोहोचला की पुन्हा मूळ आकाराला येईल. फक्त ‘आकसेल’ लिहिणाऱ्याने अर्धाच विचार केलेला असतो.

प्रयोगशाळेत बटाट्याच्या नळकांड्या करायला देतात: त्या वेगवेगळ्या संहतीच्या सुक्रोजच्या (साखरेच्या) द्रावणांत ठेवून वजन किती बदलतं ते पाहायचं असतं. तिथे निकाल बहुधा द्रावण करतानाच बिघडतो. 250 मिलि, 1 मोलर सुक्रोजसाठी 85.6 ग्रॅम लागतं. ते आधी साधारण 150 मिलि पाण्यात विरघळवा आणि मग व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरा. तेवढंच सुक्रोज थेट 250 मिलि पाण्यात टाकलं तर आकारमान 300 मिलिच्या वर जातं आणि हाती राहतं जेमतेम 0.83 मोलर. पुढची सगळी विरलनं त्याच प्रमाणात चुकतात. 0.2 मोलरसाठी 20 मिलि मूळ द्रावण आणि 80 मिलि पाणी, याप्रमाणे 0 ते 1.0 पर्यंत सहा द्रावणं करा.

सगळ्या नळकांड्या एकाच बटाट्यातून, कॉर्क बोररने (धारदार पोकळ नळीने) काढा आणि साल राहू देऊ नका. 4 सेंटिमीटर लांबी, प्रत्येक द्रावणात तीन. कापून टेबलावर पडू दिल्या तर तेवढ्यातही पाणी उडतं, म्हणून लगेच वजन करा. द्रावणात किमान 45 मिनिटं, जमल्यास दोन तास ठेवा. बाहेर काढल्यावर टिपकागदावर हलकेच लोळवा. दाबलंत तर आतलं पाणी निघतं, पुसलंच नाही तर वरचं द्रावण वजनात धरलं जातं. दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे पहिली नळकांडी दाबणं आणि पाचवी तशीच ठेवणं. फरक ग्रॅममध्ये न मांडता मूळ वजनाच्या टक्केवारीत मांडा, कारण सुरुवातीची वजनं सारखी नसतात.

वजनातल्या टक्केवारी बदलाचा आलेख शून्याला छेदतो ती संहती बहुधा 0.2 ते 0.35 मोलरच्या दरम्यान येते. समजा 0.28 आली. 25 अंश सेल्सिअसला त्या द्रावणाचा परासरणीय दाब म्हणजे संहती × वायू स्थिरांक × केल्व्हिनमधलं तापमान: 0.28 × 8.314 × 298, म्हणजे सुमारे 694 किलोपास्कल. उणे चिन्ह लावून ते झालं −0.69 मेगापास्कल. इथे केल्व्हिनऐवजी 25 टाकणारे दर वर्गात असतात, उत्तर −0.06 आलं तर समजून जा. शिवाय हा आकडा ऊतीचं एकूण वॉटर पोटेन्शियल (पाणी कुठून कुठे जाईल हे ठरवणारी राशी) दाखवतो, निव्वळ पेशीरसाचा परासरणीय भाग नव्हे. पेशीत थोडा ताण शिल्लक असतो, तो यात धरलेला असतो.

0.8 च्या पुढे आलेख सपाट होत गेला की ‘पटलातून जाणं थांबलं’ असं लिहिलं जातं. थांबत काही नाही. तोवर पेशींत रससंकोच झालेला असतो, पटल भिंतीपासून सुटलेलं असतं आणि भिंत फारशी आकसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या पानाच्या सालीत हे स्वच्छ दिसतं: रंगीत भाग मधोमध गोळा झालेला आणि भोवती मोकळी जागा. त्या जागेत काय असतं, हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न. हवा नाही, निव्वळ पाणीही नाही. भिंत सुक्रोजला अडवत नाही, म्हणून तिथे बाहेरचंच द्रावण असतं.